दारातली दुसरी मोटार आणि तिचा विमा

घर पहावे बांधून आणि लग्न पहावे करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्यांनी हौसेने जुनी मोटार विकत घेऊन ती दुरुस्त करण्याचा उद्योग आरंभला आहे, ते या म्हणीला आणखी एक शेपूट जोडतील : जुनी मोटार पहावी चालती करून! रोजच्या कामाची एक गाडी असते, ती बरी चाललेली असते. पण वडिलांच्या वेळची फियाट किंवा कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली एखादी पद्मिनी कुठेतरी धूळ खात पडलेली दिसते आणि मन राहत नाही. गाडी घरी येते, विटांवर चढते, तिचे इंजिन निघते, आणि मग महिनेच्या महिने मेस्तरी, सुटे भाग आणि रंगारी यांच्यात जातात.

या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट हटकून मागे पडते. ती म्हणजे विमा. मालक म्हणतो, "गाडी चालतच नाही, तर विमा कशाला?" वरवर पाहता प्रश्न बिनतोड आहे. पण त्याचे उत्तर जरा नीट समजून घेतले पाहिजे, कारण चूक झाली तर ती हजारांत जात नाही, घरादारावर जाते.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटारीने तिऱ्हाईत माणसाला इजा झाली तर त्याची भरपाई व्हावी म्हणून विमा सक्तीचा करण्यात आला. आपल्याकडे ही सक्ती १ जुलै १९४६ पासून आहे. आज लागू असलेल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ती १४६ व्या कलमात आहे. या कलमातले दोन शब्द ध्यानात धरा. एक, 'सार्वजनिक जागा'. आणि दुसरा, 'वापर'. सार्वजनिक जागी विम्याशिवाय मोटार वापरता येत नाही, आणि दुसऱ्याला वापरू देताही येत नाही.

म्हणजे आपल्या कुलूपबंद आवारात, विटांवर चढवलेल्या गाडीला या कलमाची आडकाठी नाही. इथपर्यंत मालकाचे म्हणणे खरे. पण जिथे जाण्याचा लोकांना हक्क आहे अशा कोणत्याही जागी गाडी गेली की कायदा लागू झाला. गल्ली असो, बोळ असो, रहदारी असो वा नसो.

आता 'वापर' म्हणजे काय? कोणी म्हणेल, गाडी रस्त्याकडेला नुसती उभी आहे, तो काय वापर झाला? याचे उत्तर आपल्याच मुलुखातल्या एका दुर्दैवी घटनेतून मिळाले. १९८७ साली पुणे-बंगळूर महामार्गावर एक पेट्रोलचा टँकर ट्रकशी टक्कर होऊन रस्त्याखाली कलंडला. काही तासांनी गळलेल्या पेट्रोलचा स्फोट झाला आणि माणसे दगावली. स्फोटाच्या वेळी टँकर हलत नव्हता, तेव्हा तो 'वापरात' होता काय, असा वाद निघाला. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, हा शब्द व्यापक अर्थाने घ्यावयाचा. बंद पडून जागेवर उभे असलेले वाहनही वापरात असू शकते. तेव्हा अर्धवट दुरुस्तीची गाडी घरासमोरच्या रस्त्यावर ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये.

खरा धोका मात्र आणखी निराळ्याच जागी असतो. समजा, एका गृहस्थांची गाडी आठ महिन्यांनी सुरू झाली. मेस्तरी म्हणतो, "काका, ब्रेक नवे बसवलेत. जरा नाक्यापर्यंत फिरवून आणू का?" काकांना पॉलिसी संपल्याचे आठवते, पण ते म्हणतात, "आण, पण लवकर ये हो." नाका अर्ध्या मैलावर. एवढ्याशा अंतराला काय होते आहे, असे आपल्याला वाटते. पण विचार करा : ज्या गाडीचे ब्रेक अजून पारखलेले नाहीत, सुकाणू नुकतेच जोडलेले आहे, ती गाडी त्या क्षणी तुमच्या रोजच्या गाडीहून अधिक धोक्याची आहे. आणि नेमक्या त्याच क्षणी तिला विम्याचा आधार नाही!

अशा वेळी सायकलवरचा एखादा मुलगा आडवा आला, तर काय होते? पोलिसांचा दंड ही त्यातली सर्वांत लहान बाब. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला दोन हजार रुपये दंड वा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. खरा भार पुढे असतो. अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवील, ती विमा नसल्यास मालकाच्या खिशातून जाते. मृत्यू वा शरीराला इजा झाली तर अशा दाव्याला ठरावीक कमाल आकडा नाही. जखमी माणसाच्या घरच्यांनाही कंपनीऐवजी तुमच्या मागे लागावे लागते, आणि तुमच्यापाशी पैसा नसला तर त्या घराने काय करावे? म्हणून विमा हा नुसता आपल्या गाडीचा नव्हे, तो रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचाही आहे.

आता कोणी विचारील, मग चार दिवसांचा विमा उतरवता येणार नाही काय? इंग्लंडमध्ये एका दिवसाचा, आठवड्याचा विमा सहज मिळतो. आपल्याकडे खाजगी मोटारीचा विमा वर्षाच्या हिशेबाने घेण्याची रीत आहे. थोड्या मुदतीच्या विम्याचा हिशेब २००२ च्या भारतीय मोटार दरपत्रकात होता. तो पाहण्यासारखा आहे. एक महिन्यापर्यंत वर्षाच्या हप्त्याचे वीस टक्के, तीन महिन्यांपर्यंत चाळीस टक्के, सहा महिन्यांपर्यंत सत्तर टक्के, आणि आठ महिन्यांवर गेल्यास पूर्ण हप्ता. म्हणजे मुदत पाव झाली तरी हप्ता पाव होत नाही. थोडक्या दिवसांचा विमा दिवसाच्या हिशेबाने महागच पडतो.

उलट वर्षाचा तिऱ्हाइतासाठीचा विमा किती पडतो? १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे हजार सी. सी. पर्यंतच्या खाजगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, हजार ते दीड हजारपर्यंत ३,४१६ रुपये, आणि त्यावर ७,८९७ रुपये. कर निराळा. पद्मिनीचे इंजिन १,०८९ सी. सी. चे, म्हणजे ती मधल्या वर्गात बसते. दिवसाला साडेनऊ रुपयेसुद्धा पडत नाहीत. एका डब्याच्या रंगाला याहून अधिक पैसे जातात! तेव्हा चार दिवसांच्या विम्यामागे धावण्यापेक्षा गाडी पहिल्यांदा रस्त्यावर येण्याआधी हा साधा वार्षिक विमा उतरविणे शहाणपणाचे.

मात्र या साध्या विम्यात आपल्या स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून मिळत नाही. आवारातली गाडी जळाली किंवा चोरीला गेली तर? त्यासाठी तिऱ्हाइताच्या विम्याला आग आणि चोरी एवढ्यांचीच जोड देता येते. ती मागावी लागते, कारण आपण विचारल्याखेरीज सहसा कोणी सांगत नाही.

ज्यांच्याकडे पूर्ण विमा आहे आणि गाडी पुष्कळ दिवस खोलून ठेवायची आहे, त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. गाडी गॅरेजात बंद ठेवल्याची नोंद पॉलिसीवर करून घेता येते. त्या मुदतीत आग, स्फोट, चोरी अशा नुकसानीपुरते संरक्षण चालू राहते, बाकीचे स्थगित होते. पण बरं का, स्थगित होणाऱ्यांत तिऱ्हाइताचे संरक्षणही येते. त्या काळात गाडी फाटकाबाहेर काढायची नाही, नाक्यापर्यंतही नाही. काढायची झाल्यास आधी कंपनीला लेखी कळवावे आणि तिचे उत्तर हाती येऊ द्यावे.

दुसऱ्या गाडीबाबत आणखी काही लहानसहान गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा असला तरी तो एकदाच पुरतो. पहिल्या गाडीबरोबर घेतला असेल तर दुसरीला पुन्हा पैसे भरू नका, आधीचा कागद दाखवा. २०२२ च्या जुलैपासून विमा नियामकाने जितके किलोमीटर चालवाल त्या हिशेबाचा, तसेच एकाच मालकाच्या अनेक गाड्यांना मिळून एक, असे विमे देण्यास कंपन्यांना मुभा दिली आहे. क्वचित चालणाऱ्या गाडीला ते सोयीचे पडतात. त्यातली सवलत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागापुरती असते. तिऱ्हाइताचा भाग ठरल्या दरानेच भरावा लागतो.

गाडीची किंमतही आधी ठरवून घ्यावी. पाच वर्षांवरच्या गाडीची विमा-रक्कम मालक आणि कंपनी यांनी आपसांत ठरवायची असते. दुरुस्तीच्या पावत्या आणि वेळोवेळचे फोटो जपून ठेवा. तेच पुढे तुमच्या बाजूने बोलतील. इंजिन बदलले असेल तर नोंदणीपुस्तकात आणि कंपनीकडे दोन्हीकडे त्याची नोंद करा. नोंदणीची मुदत संपली आहे का, तेही पहा. नोंदणीच चालू नसेल तर भरपाईच्या वेळी वाद उभा राहतो.

पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या मोटारींसाठी २०२१ पासून वेगळी नोंदणी आहे. तशी नोंद झालेल्या गाडीला २०२२ च्या दरांत तिऱ्हाइताच्या हप्त्यात निम्मी सवलत दिली गेली. पण ती गाडी रोजच्या ये-जा करण्यासाठी वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर येते. तेव्हा ही नोंदणी घेण्यापूर्वी आपल्याला ती गाडी मिरवायची आहे की चालवायची आहे, ते ठरवावे.

शेवटी एक कानमंत्र. विमा कायद्याच्या चौसष्ट व्ही-बी कलमाप्रमाणे हप्ता हाती पडल्याखेरीज कंपनीवर जोखीम येत नाही. 'उद्या भरतो' म्हणून आज गाडी काढणे म्हणजे छत्री घरी ठेवून पावसात निघणे. विमा उतरेपर्यंत गाडी हलवायचीच झाली तर ती ट्रकवर चढवून न्या. मेस्तरी फेरी मारायला निघाला तर चावी देण्यापूर्वी पॉलिसीची तारीख पहा आणि त्याचा परवाना पहा. गॅरेजवाल्याकडे धंद्याची निराळी पॉलिसी असेल असे गृहीत धरू नका. असल्यास ती डोळ्यांनी पहा.

जुनी मोटार पुन्हा चालू लागते, त्या दिवसाचा आनंद काही निराळाच असतो. घरातली लहानथोर मंडळी फाटकापाशी जमतात, कोणी नारळ फोडतो, कोणी चाकाखाली लिंबू ठेवतो. ते सगळे अवश्य करावे. फक्त त्या नारळाआधी विम्याचा कागद खिशात असावा, एवढेच सांगणे.