सोयाबीनची पेरणी: पाऊस येण्याआधी काय तपासायचं?

मृगाचा पहिला पाऊस झाला की पेरणीची घाई सुरू होते. पण सोयाबीन उगवलंच नाही, तर बियाणं, मजुरी आणि ट्रॅक्टरचं भाडं असा खर्च पुन्हा करावा लागतो. हीच दुबार पेरणी. ती दरवेळी टळेलच असं नाही, पण तीन गोष्टी शेतकऱ्याच्या हातात असतात.

बियाणं: सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं. मळणीत किंवा पोती आदळल्यानं दाण्याला इजा होते आणि ती वरून दिसत नाही. म्हणून न निवडता घेतलेले १०० दाणे ओल्या गोणपाटावर ओळीत मांडा. गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवा, वाळू देऊ नका. सहा-सात दिवसांनी चांगले कोंब आलेले दाणे मोजा. ७० उगवले, तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. ६० उगवले, तर ३५ किलो लागतं. त्याहून कमी असतील, तर बियाणं बदललेलं बरं.

पेरणी यंत्र: चाक उचलून हातानं फिरवा. सगळ्या नळ्यांतून सारखं बी पडतंय का, ते बघा. बी ३ ते ४ सेंटीमीटर खोल पडेल असे फण बसवा. फार खोल गेलेलं बी वर येत नाही.

ओल: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. माती फक्त वरवर भिजलेली असेल आणि पावसानं ओढ दिली, तर कोंब सुकून जातात.

गोणपाटाची चाचणी मे महिन्यातच केली, तर बियाणं बदलायला वेळ मिळतो. पाऊस पडल्यावर तो उरत नाही.