अक्षतांचा पाऊस आणि दीड जीबीची फाइल

जिंतूरमधल्या कितीतरी घरांत लोखंडी कपाटात, साड्यांच्या घडीमागे, एखादी डीव्हीडी जपून ठेवलेली असते. तिच्यावर मार्करने नवरदेव-नवरीची नावं आणि लग्नाची तारीख लिहिलेली. शेजारी आणखी दोन-चार: येलदरी धरणावरची सहल, नेमगिरीचं दर्शन, धाकट्याचा पहिला वाढदिवस. प्लेअर केव्हाच बंद पडलेला असतो आणि नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची सोयच नसते. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा फोनवर म्हणतो, "आई, त्या लग्नात आज्जी आहे ना? तेवढं पाठव." मग ऐकीव सल्ल्यांवर काम सुरू होतं, आणि त्यातले काही सल्ले कायमचं नुकसान करून जातात.

सगळ्यात पक्का समज असा, की फाइल लहान झाली म्हणजे चित्र बिघडलंच. वस्तुस्थिती अशी, की डीव्हीडीवरचं चित्र मुळातच दाबून बसवलेलं असतं. त्यासाठी वापरलेली एमपेग-2 ही पद्धत 1990च्या दशकातली. 2003 मध्ये आलेली एच.264 तेच चित्र बऱ्याच कमी जागेत मांडते. दोन्हींचं मूळ तत्त्व एकच: बहुतेक चौकटी पूर्ण साठवायच्या नाहीत, आजूबाजूच्या चौकटींपेक्षा जे बदललं तेवढंच नोंदवायचं. नवी पद्धत हा बदल जास्त हुशारीने शोधते. 4.7 जीबीची डिस्क दोन तासांच्या चित्रणाने भरली असेल, तर सेकंदाला साधारण 5 मेगाबिट खर्च झालेले असतात. एच.264 मध्ये दीड मेगाबिटला घरच्या टीव्हीवर बघण्याजोगं चित्र सहसा मिळतं, आणि आवाज धरून फाइल होते सुमारे दीड जीबीची.

सहसा म्हणायचं कारण लग्नातच आहे. नवरदेव-नवरी खुर्चीवर बसलेली, मागे पडदा स्थिर, लोक येऊन आहेर देतायत, हा भाग दाबायला अगदी सोपा. पण मंगलाष्टका संपतात, हजारो अक्षता एकदम हवेत उडतात आणि चित्रातला कण न् कण बदलतो. नवरदेवाच्या परण्यापुढे नाचणारी गर्दी आणि लुकलुकणारे दिवेही असेच. प्रत्येक सेकंदाला सारखाच वाटा दिला, तर बसलेल्यांवर जागा वाया जाते आणि नेमक्या अक्षतांच्या क्षणी चित्राचे चौकोन-चौकोन होतात. म्हणून आकार आधी ठरवून काम करणं चुकीचं. ठरवायचा तो दर्जा. हँडब्रेक या मोफत प्रोग्राममध्ये त्यासाठी 'आरएफ' नावाचा आकडा असतो. डीव्हीडीच्या चित्राला 18 ते 22 ठीक. आकडा जितका लहान, तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. मग एका लग्नाची फाइल 900 एमबीची आणि दुसऱ्याची दोन जीबीची झाली, तरी गोंधळायचं कारण नाही. जुन्या व्हीएचएस कॅसेटवरून केलेली डिस्क तर आणखी जागा खाते, कारण कॅसेटच्या चित्रातली सततची मुरमुरसुद्धा प्रोग्रामला हालचालच वाटते.

झिप करून व्हिडिओ लहान होतो, हा समज तसाच निराधार. दाबलेल्यात दाबायला फारसं काही उरत नाही. डीव्हीडीवरच्या फाइलच्या नावाशेवटचं व्हॉब काढून एमपी4 लिहिलं, तर फक्त नाव बदलतं. आणि व्हीसीडी असेल तर लहान करायचा विचारच सोडावा. तिचं चित्र 352 बाय 288 बिंदूंचं, तासाला जेमतेम 620 एमबी. ती जशी आहे तशी उतरवून घेतलेली बरी.

'एचडी करून देतो' हे ऐकून अनेकजण खूश होतात. आपल्याकडच्या, पाल या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीचं चित्र 720 बाय 576, म्हणजे सुमारे 4 लाख 15 हजार बिंदू. फुल एचडीत ते 20 लाखांवर जातात. मधले सोळा लाख बिंदू मूळ चित्रणात नव्हतेच; ते अंदाजाने भरले जातात. एआय वापरणारे प्रोग्राम हा अंदाज इतका सफाईने करतात, की आज्जीच्या गालावरच्या सुरकुत्या पुसल्या जातात आणि चेहरा देखणा होतो, पण तिचा राहत नाही. घरच्या चित्रणात याहून मोठं नुकसान कोणतं?

हलत्या हातावर कंगव्यासारख्या रेघा दिसल्या की डिस्क खराब झाली असं समजतात. तो दोष डिस्कचा नाही. जुन्या टीव्हीसाठी सेकंदाला 25 चौकटी, आणि प्रत्येक चौकट दोन अर्ध्यांत विभागून, असं चित्रण होत असे. सपाट पडद्यावर ते दोन अर्धे एकमेकांत अडकलेले दिसतात. फाइल करताना डीइंटरलेस हा पर्याय चालू केला की रेघा जातात. तसंच चार बाय तीनचं चित्र रुंद टीव्हीभर ताणू नये. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात, म्हणजे माणसं आहेत तेवढीच जाड दिसतात.

कधी कॉम्प्युटर डिस्क रिकामी दाखवतो आणि घरचे ती फेकायला निघतात. थांबावं. घरच्या रेकॉर्डरवर किंवा छोट्या डिस्कच्या कॅमेऱ्यात चित्रण झाल्यावर 'फायनलाइझ' करायचं राहून गेलं असेल, तर असं होतं. ते यंत्र, किंवा त्याच मॉडेलचं दुसरं, चालू अवस्थेत मिळालं तर काम बहुतेक होऊन जातं.

चमकणारी बाजू जपली की पुरे, असंही नाही. सीडी आणि व्हीसीडीत माहितीचा थर छापील बाजूच्या अगदी खाली असतो, त्यामुळे वरून पडलेला ओरखडा जास्त घातक. डीव्हीडीत तो प्लास्टिकच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो. पण घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो, आणि त्याला ऊन आणि उष्णता सोसत नाही. मराठवाड्यातला मे महिना पत्र्याखालच्या खोलीत काय करतो, हे इथल्या लोकांना सांगायला नको.

म्हणून 'लहान फाइल झाली, आता डिस्क टाकून द्या' हा सल्ला सगळ्यात धोक्याचा. दाबताना गेलेला तपशील परत येत नाही, आणि लहान फाइल पुन्हा लहान केली की आणखी जातो. मुळात साठवणीसाठी दाबायची गरजच कमी आहे: भरलेल्या शंभर डीव्हीडी जशाच्या तशा उतरवल्या तरी 470 जीबी होतात आणि एक टीबीच्या एका हार्डडिस्कवर मावतात. अशी एक प्रत जिंतूरला, दुसरी पुण्याच्या मुलाकडे. लहान फाइल करायची ती बघायला आणि पाठवायला, आणि दरवेळी त्या मूळ प्रतीवरूनच.

पाठवतानाही एक खाच आहे. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून टाकलं की ते अॅप आपल्या हिशेबाने चित्र पुन्हा दाबतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की फाइल आहे तशी पोचते, आणि तिथली मर्यादा 2 जीबीची असल्याने दीड जीबीचं अख्खं लग्न एकाच खेपेला पुण्याला जातं, आज्जीच्या सुरकुत्यांसकट.