मुळापासून – भाग ९ : पडद्याची कड

पायोरियाने झिजलेलं हाड आणि मुळाची सुटलेली पकड परत यावी म्हणून हिरडी आणि दाताचं मूळ यांच्यामध्ये एक पडदा बसवतात. त्याबद्दल आरमोरीच्या एका वाचकाचा प्रश्न चार दिवस डोक्यातून जात नाहीये : ‘पडदा हिरडीच्या पेशी अडवतो, पण जंतू तर त्यांच्याहून कितीतरी बारीक. ते कसे अडणार?’

प्रश्न अगदी वर्मावर आहे. धानाच्या पऱ्ह्यांभोवतीचं काटेरी कुंपण गुरं थांबवतं, उंदीर नाही. ताणलेल्या पीटीएफईच्या, म्हणजे गोरटेक्सच्या जुन्या पडद्याची छिद्रं कित्येक मायक्रॉनची आणि जंतू जेमतेम एका मायक्रॉनचा. म्हणून पुढे ०.३ मायक्रॉनहून बारीक छिद्रांचं दाट पीटीएफई आलं.

पण छिद्रं बुजवून भागत नाही. १९८२ मध्ये नायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या दातावर या पडद्याचा प्रयोग केला, तेव्हा पडदा म्हणून मिलिपोर गाळणी वापरली होती. प्रयोगशाळेत जंतू गाळून काढतात ती हीच. जंतूंना तिच्यातून आरपार जायची गरजच नसते. ते कडेने येतात. पडद्याची वरची कड दाताच्या मानेशी असते. हिरडी तिच्यावर घट्ट बसलेली असेल तोवर ठीक. हिरडी जराशी खाली सरकली, कड उघडी पडली, की लाळेतले जंतू काही दिवसांत तिच्यावर थर धरतात आणि पडद्याच्या आतल्या अंगाने मुळाकडे उतरतात. नव्या पेशी नेमक्या तिथेच धागे विणत असतात. नौझारी आणि स्लॉट्स यांनी १९९४ मध्ये रुग्णांच्या तोंडातून काढलेले पडदे तपासले. ज्यांवर जंतू जास्त, तिथे नवी पकड कमी. कोलॅजेनचा पडदा काढावा लागत नाही हे खरं, पण पायोरियाचा जंतू पोर्फायरोमोनास जिंजिव्हॅलिस कोलॅजेनच पचवतो. पडदा काम होण्याआधीच विरघळतो.

काही वर्षांपूर्वी भामरागडहून एक शिक्षक आले होते. जूनअखेर पडदा बसवला, आठव्या दिवशी बोलावलं. ते आले पाचव्या आठवड्यात. “पुलावरून पाणी होतं, डॉक्टरसाहेब.” पर्लकोटा नदीपुढे कुणाचं काय चालणार? कडेचा पिवळट कोपरा हिरडीबाहेर आला होता, खाली पू. पडदा काढला. हाडातला खड्डा होता तसाच राहिला. तेव्हापासून भामरागड, एटापल्ली, सिरोंचाकडच्या रुग्णांना मी पावसाळ्यात पडदा बसवत नाही. मुळं साफ करून ठेवतो आणि दिवाळीनंतर बोलावतो. चार महिने थांबणं परवडतं, उघडी कड परवडत नाही.

आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा आखडतो, टाके धरत नाहीत आणि कड उघडी पडते. वर सुपारीचा चुरा त्याच फटीत जाऊन बसतो. खर्रा सुटलेला नसेल तर मी हे ऑपरेशन करत नाही, रुग्ण कितीही आग्रह करो. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हे अभियान खर्रा-तंबाखू सोडवण्याच्याच कामात आहे. आधी तिकडे जा.

ज्यांना पडदा बसवला आहे त्यांनी त्या बाजूला दातवण किंवा ब्रश लावू नये, डॉक्टरांनी दिलेल्या क्लोरहेक्झिडीनच्या चुळा भराव्यात. हिरडीतून पांढरा कोपरा डोकावला तर नखाने ओढू नका, कात्रीने कापू नका. दुखत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.