विद्यार्थी-वार्ताहरासाठी घरबसल्या उघडणारी दप्तरे

६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू करून मराठी व इंग्रजी मजकूर एकाच पृष्ठावर शेजारी शेजारी छापणारे बाळशास्त्री जांभेकर ज्या पोंभुर्ल्याचे, त्याच सिंधुदुर्गात आज महाविद्यालयीन वार्तापत्र चालविणाऱ्या विद्यार्थ्यास जी साधने विनासायास उपलब्ध आहेत, त्यांचा त्याने निःसंकोच उपयोग करावा.

मालवण-देवगडच्या बातमीची पहिली खातरजमा समुद्राकडेच करावी लागते. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सागरी माहिती केंद्राच्या संकेतस्थळावर लाटांची उंची, वाऱ्याचा वेग आणि मासळीची संभाव्य क्षेत्रे प्रसिद्ध होतात. आणि मे २०२१ मधील ‘तौक्ते’सारख्या वादळाची वर्दी येताच, हवामान विभागाच्या पत्रकातील प्रसिद्धीची वेळ, वादळाचे अक्षांश-रेखांश व वाऱ्याचा ताशी वेग वहीत उतरून घेतल्यावाचून मोबाइलवर फिरणारी एकही चित्रफीत पुढे धाडू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे.

सरकारी दप्तरातील तपशील हवा असल्यास माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपये शुल्क भरून राज्याच्या पोर्टलवरील कार्यालयांकडे ऑनलाइन दाखल करता येतो. उत्तराची सर्वसाधारण मुदत ३० दिवसांची. ध्वनिप्रसारणाची आवड असणाऱ्याने ‘न्यूज ऑन एअर’वर आकाशवाणीची मराठी बातमीपत्रे रोज ऐकावीत आणि निवेदक श्वास कोठे घेतो, हे संहितेवर खुणा करून पाहावे.

नोंदणीकृत नियतकालिक काढावयाचे झाल्यास शीर्षकाचा अर्जही आता ऑनलाइनच करावा लागतो. नियतकालिकांच्या नोंदणीसंबंधीच्या १८६७ च्या कायद्याची जागा घेणारा २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून अमलात आला आहे.