समान संधी : तक्त्यातील आणि संगणकातील

पीक कापणी प्रयोगासाठी शेत निवडताना ते रस्त्यालगतचे आहे की सरपंचांचे, याचा विचार करावयाचा नसतो. गावच्या गट क्रमांकांतून यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, निवड होते. ही पद्धत देशात रूढ करण्याचे श्रेय मुख्यत्वे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे व डॉ. वि. गो. पानसे यांच्याकडे जाते. अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी, कर्जत, जामखेड यांसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांना तिचे महत्त्व सांगावयास नको. विम्याची भरपाई या प्रयोगांतून निघालेल्या सरासरी उत्पन्नाशी निगडित असते.

समजा, गावात ३४० गट आहेत. यादृच्छिक अंकांच्या तक्त्यातून तीन अंकी संख्या घ्यावयाची व ती ३४० हून मोठी असल्यास ३४० ने भागून बाकी धरावयाची. मात्र ६८० च्या पुढील संख्या सोडून द्यावी लागते. ती न सोडल्यास १ ते ३१९ या गटांना तीनदा, तर शेवटच्या २१ गटांना दोनदाच संधी मिळेल. अनेकांना ही निव्वळ कारकुनी वाटते. तथापि नेमक्या याच जातीची चूक एका नामांकित संगणक-प्रणालीत अनेक वर्षे राहून गेली होती.

ही प्रणाली म्हणजे संख्याशास्त्रीय कामाची 'आर' भाषा. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी ती सुरू केली. १९९५ पासून तिची मूळ आज्ञावली सर्वांना खुली आहे. ती कोणीही वाचावी, दोष दाखवावा, दुरुस्ती सुचवावी. स्वीकारावयाची की नाही, हे प्रमुख विकासकांचा गट ठरवितो.

नमुना निवडण्याच्या तिच्या आज्ञेतील दोष केली ऑटोबोनी व फिलिप स्टार्क यांनी दाखवून दिला. संगणकाजवळ सुमारे ४२९ कोटी चिठ्ठ्या आहेत आणि त्या सुमारे १७१ कोटी ७९ लाख क्रमांकांत वाटावयाच्या आहेत, असे माना. प्रत्येकास अडीच येतात. पण चिठ्ठी अर्धी होत नाही. मग एकास तीन, पुढच्यास दोन! परिणामी दहा लाख वेळा निवड केली असता सम क्रमांक सुमारे ४० टक्के व विषम ६० टक्के निघाले. गावातील काहीशे गटांपुरता हा फरक नगण्य होता, हेही सांगितले पाहिजे. परंतु मोठ्या समूहाच्या निवडीत तो दुर्लक्षिण्याजोगा नव्हता.

डंकन मर्डोक यांनी दुरुस्ती लिहून दिली, गेब बेकर यांनी साहाय्य केले आणि एप्रिल २०१९ मधील ३.६.० या आवृत्तीत ती आली. उपाय तक्त्यातलाच होता : मर्यादेबाहेरची संख्या सोडावयाची व पुन्हा काढावयाची.

यातून एक अडचण मात्र उद्भवली. त्याच आरंभांकाने पूर्वी निघालेले नमुने आता निराळे येऊ लागले. जुना अहवाल पडताळणाऱ्याने काय करावे? विकासकांनी जुनी, सदोष पद्धतही मागणीनुसार वापरता येईल अशी राखून ठेवली. त्यामुळे निवडीच्या नोंदीत आरंभांकाबरोबर आवृत्तीचा क्रमांकही लिहिलेला असल्यास २०१९ पूर्वीचा नमुना आजही जसाच्या तसा काढून पाहता येतो.