स्तब्ध झालेला संगणक

भिलाई येथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. त्या काळी उष्णतेची व दाबाची मापे तबकडीवरील काट्यांवरून वाचली जात. आज अशा उद्योगांत पुष्कळ ठिकाणी यंत्राच्या पेटीतच बसविलेला छोटा संगणक हे काम करतो. त्यावर अनेकदा लिनक्स ही प्रणाली चालते. लिनस टोर्व्हाल्ड्स याने १९९१ मध्ये तिचा आरंभ केला.

असा संगणक क्वचित एकाएकी स्तब्ध होतो. पडदा उजळलेलाच राहतो, त्यावर आकडाही दिसतो. परंतु तो काही मिनिटांपूर्वीचा असतो. जुना आकडा ताजा समजून तापलेल्या धातूविषयी निर्णय घेतला जाणे, हा यातील खरा धोका होय.

अशा वेळी वीज तोडून संगणक पुन्हा चालू करण्याचा मोह होतो. तसे केल्यास स्मृतीतील पुरावा नाहीसा होतो. म्हणून नेमके काय थांबले आहे, हे आधी पाहावे. नेटवर्कवरील दुसऱ्या संगणकाच्या हाकेला उत्तर येत असेल, तर प्रणालीचा गाभा जिवंत असून केवळ एखादा प्रोग्रॅम अडकला असण्याचा संभव असतो. उत्तर न आल्यास दोष अधिक खोल असू शकतो. स्तब्ध होताना शेवटचा संदेश डिस्कवर लिहिण्यास बहुधा अवधी मिळत नाही. यास्तव सिरियल पोर्टला आधीच तार जोडून गाभ्याचे संदेश दुसऱ्या संगणकावर नोंदवीत राहावे.

यानंतर यंत्र केव्हा थांबते, याची टिपणे ठेवावीत. कामाचा भार वाढल्यावर किंवा भर दुपारी थांबत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा. भिलाईकडे उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. बिनपंख्याच्या पेटीवर धूळ साचली की आतील उष्णता बाहेर पडत नाही. शेजारची मोठी मोटर सुरू होताच थांबत असेल, तर वीजपुरवठा तपासावा. वेळेचा काहीच मेळ लागत नसेल, तर स्मृतीची चाचणी रात्रभर चालवावी.

याउलट, काही यंत्रे काम नसतानाच थांबतात. इंटेलच्या २०१३ साली आलेल्या ‘बे ट्रेल’ वर्गातील प्रोसेसरांचे उदाहरण बोधप्रद आहे. छोट्या संगणकांत बसविलेले हे प्रोसेसर लिनक्स चालविताना अधूनमधून पूर्णपणे स्तब्ध होत. वीज वाचविण्यासाठी प्रोसेसर गाढ निद्रावस्थेत जाई, आणि दोष त्या अवस्थेशी निगडित होता. प्रणाली सुरू करतानाच गाढ निद्रा वर्ज्य करणारी सूचना दिली की पुष्कळ यंत्रे स्थिर होत. मात्र वीज अधिक लागे.

तपासताना एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले, तर गुण कशाने आला हे कळत नाही.

‘वॉचडॉग’ नावाचा गणकही उपयोगी पडतो. ठरलेल्या मुदतीत, समजा ६० सेकंदांत, प्रणालीने त्यास खूण दिली नाही, तर तो यंत्र आपोआप पुन्हा सुरू करतो. परंतु तो पहारेकरी आहे, वैद्य नव्हे; रोग शोधण्याचे काम शिल्लक राहतेच. तोवर पडद्यावरील प्रत्येक आकड्याशेजारी तो घेतल्याची वेळ दाखवावी, म्हणजे यंत्र थांबल्याचे पाहणाऱ्याच्या ध्यानात येईल.