टीव्हीच्या पाककृतीला तिथी नसते

डिसेंबरात जालन्यात सूर्य सहा वाजण्यापूर्वीच मावळतो. चौविहार पाळणाऱ्या घरांत त्याआधी ताटे उचललेली असतात, पाणी पिऊन झालेले असते आणि ओटा पुसून स्वयंपाकघरातील दिवा मालवलेला असतो. रात्री नऊच्या सुमारास त्याच घराच्या दिवाणखान्यात मात्र दुसरेच एक स्वयंपाकघर उजळते. तेथे कढया तापतात, घड्याळाचा काटा धावतो, स्पर्धकांच्या कपाळावर घाम जमतो आणि परीक्षक गंभीर चेहऱ्याने चमचा ओठांशी नेतात. सकाळच्या नवकारसीपर्यंत ज्यांच्या तोंडात पाण्याचा थेंबही जायचा नाही, अशा सासू-सुना पुढचा तासभर परक्यांचा स्वयंपाक मन लावून पाहतात. पाहता पाहता दोघींपैकी एक हळूच म्हणते, "यात कांद्याऐवजी कोबी घातला तर?"

टीव्हीवरच्या शेफमंडळींना कधी न दिसलेला हा प्रेक्षक आहे. पडद्यावरची कृती त्याच्या घरी जशीच्या तशी कधीच उतरत नाही. तिचे आधी संपादन होते.

या कार्यक्रमांच्या आधी मराठी घरांत पाककृतीचा आधार होता तो छापील पुस्तकांचा. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० मध्ये आले आणि वाटी-चमच्याच्या मापाने स्वयंपाक शिकविणाऱ्या त्या पुस्तकाने कित्येक नवविवाहितांची लाज राखली. पुण्यात जन्मलेल्या तरला दलाल यांनी १९६६ मध्ये मुंबईत घरच्या घरी पाककलेचे वर्ग सुरू केले. त्यांचे पहिले पुस्तक १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या स्वतः शाकाहारी पदार्थांसाठी ओळखल्या गेल्या आणि जैन स्वयंपाकावरही त्यांनी स्वतंत्र पुस्तके काढली. पुढे त्या दूरचित्रवाणीवर आल्या तेव्हा अनेक जैन घरांना आपल्या ओळखीचे कोणी भेटल्यासारखे वाटले.

खरी क्रांती झाली ती १९९३ मध्ये. झी टीव्हीवर संजीव कपूर यांचा 'खाना खजाना' सुरू झाला. स्वच्छ अंगरखा, हसरा चेहरा आणि घरच्या माणसाशी बोलावे तशी भाषा. हॉटेलातील आचारी हा तोवर भिंतीआडचा माणूस होता. आता तो घरातल्या मंडळींसमोर उभा राहून त्यांच्याशी गप्पा मारू लागला. आचारी या शब्दाला जी प्रतिष्ठा कधी मिळाली नव्हती, ती 'शेफ' या शब्दाला काही वर्षांतच मिळाली. मराठीत ई-टीव्हीवरील 'मेजवानी'मधून नागपूरचे विष्णू मनोहर घरोघरी पोहोचले. झी मराठीवर २००७ मध्ये 'आम्ही सारे खवय्ये' सुरू झाले. त्याची गंमत अशी, की सूत्रधार प्रशांत दामले हे शेफ नव्हते, अभिनेते होते. पदार्थ करणारी सामान्य गृहिणी आणि कौतुकाने खाणारा पाहुणा अशी ती मांडणी होती. आपल्या गावची, आपल्यासारखीच बाई पडद्यावर दिसते, हे पाहून लहान शहरांतील स्त्रियांना जो धीर आला, त्याचे मोल पाककृतींहून अधिक होते.

जालन्यासारख्या शहरात या सगळ्याचा परिणाम व्हायला वेळ लागला नाही. मोसंबी, बियाणे आणि लोखंडी सळई यांसाठी ओळखले जाणारे हे व्यापारी गाव. येथील जैन समाजही एका मुशीतला नाही. मारवाडी बोलणारी ओसवाल घरे आहेत, दिगंबर परिवार आहेत, पिढ्यान्पिढ्या मराठीच बोलणारे सैतवाळही आहेत. गुरू गणेशलालजी महाराजांच्या स्थानामुळे चातुर्मासात बाहेरगावच्या भाविकांचीही ये-जा असते. प्रत्येक घराचे नियम थोडे वेगळे, पण टीव्हीपुढे वही घेऊन बसण्याची सवय सर्वत्र सारखी. मुलांना पनीर टिक्का हवा, पास्ता हवा, आणि तो घरात झाला नाही तर ती बाहेर जाऊन खातील, ही प्रत्येक आईची धास्ती. त्या धास्तीतून एक नवी विद्या जन्माला आली.

त्या विद्येचे काही नियम आता सर्वांना पाठ आहेत. बटाट्याच्या जागी कच्चे केळे. कांदा-लसणाच्या जागी हिंग. ओले आले नाही, सुंठ चालते. ओली हळद नाही, वाळलेली चालते. ग्रेव्हीला दाटपणा हवा तर टोमॅटो, काजू आणि मगज. व्हिनेगर म्हटले की लिंबू. एवढे जमले की पदार्थ 'जैन' झाला, असे हॉटेलांच्या मेनूकार्डाने ठरवून टाकले आहे आणि टीव्हीनेही तेच मान्य केले आहे. शेफ अगदी औदार्याने सांगतो, "जैन बनवायचे असेल तर कांदा-बटाटा वगळा."

येथेच घोटाळा होतो. जैन स्वयंपाक म्हणजे वजाबाकी, ही समजूत फार उथळ आहे. साधे कढीचेच उदाहरण घ्यावे. टीव्हीवर दही फेटून त्यात बेसन कालवतात आणि मग ते मिश्रण चुलीवर चढवतात. त्यात कांदा नाही, बटाटा नाही. तरीही नियम पाळणाऱ्या घरात ती कढी चालणार नाही, कारण कच्चे दही आणि द्विदल धान्य एकत्र आले. तेथे ताक आधी तापवले जाते आणि मग त्यात बेसन पडते. दहीवड्याचेही तसेच. इडलीचे पीठ रात्रभर आंबवा, कणीक मळून फ्रीजमध्ये ठेवा, उरलेल्या भाताचे सकाळी कटलेट करा, या शेफच्या लाडक्या सूचनाही येथे अडखळतात. वाशी अन्नाचा प्रश्न उभा राहतो. पिठालासुद्धा मुदत असते आणि ती ऋतूप्रमाणे बदलते. पावसाळ्यात सर्वांत कमी. विष्णू मनोहर यांनी २०१८ मध्ये जळगावात सुमारे अडीच हजार किलो वांग्याचे भरीत एकाच कढईत केले, तेव्हा सारा महाराष्ट्र कौतुकाने पाहत होता. बावीस अभक्ष्यांत वांगी मोजणाऱ्या घरांनीही ते पाहिले, कौतुकही केले. फक्त ती कृती वहीत उतरली नाही.

आणि या सर्वांवर तिथी. पंचमी, अष्टमी, चतुर्दशीला हिरवे नाही. चातुर्मासात पालेभाजी नाही. आयंबिलाच्या ओळीत नऊ दिवस तूप, तेल, दूध, दही, गूळ-साखर काही नाही. त्याच ओट्यावर एकाचे आयंबिल, दुसऱ्याचे एकासन आणि शाळेतून आलेल्या नातवाची भूक, अशी तीन खाती एकाच वेळी सांभाळावी लागतात. पडद्यावरच्या पाककृतीला तिथी नसते. ती सोमवारी तशीच, चतुर्दशीला तशीच, आषाढात तशीच. जैन घरातला पहिला प्रश्न 'काय करायचे' हा नसतोच. 'आज काय आहे' हा असतो.

हा घरातला विषय २०२३ मध्ये एकदम चव्हाट्यावर आला. 'मास्टरशेफ इंडिया'च्या त्या पर्वात अरुणा विजय या जैन स्पर्धक होत्या. एका भागात इतरांना मासा रांधायचा असताना त्यांना पनीर वापरण्याची मुभा मिळाली आणि समाजमाध्यमांवर गदारोळ उठला. सवलत कशाला, असा एक पक्ष. श्रद्धेचा मान राखला तर बिघडले काय, असा दुसरा. जैन समाजातील अनेकांना त्या टीकेने दुखावले, हे स्वाभाविक होते. तरीही टीकाकारांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. स्पर्धा म्हटली की कसोटी सर्वांना सारखी हवी, आणि नियम खेळ सुरू होण्यापूर्वी सांगितलेला हवा. मासा आणि पनीर यांची अवघडता एक नाही, हे कोणताही स्वयंपाकी कबूल करील.

पण मग कसोटी सारखी करण्याचा आणखीही एक मार्ग होता, तो कोणाला सुचला नाही. सर्वच स्पर्धकांना एक दिवस चतुर्दशीचे ताट करायला सांगायचे. हिरवी भाजी नाही, कंद नाही, आंबवलेले नाही, आदल्या दिवशीचे काही नाही, आणि सूर्यास्ताच्या आत वाढून मोकळे व्हायचे. त्या दिवशी कोणाला सवलत लागली असती, हे पाहणे मनोरंजक ठरले असते. याच कार्यक्रमाचे २०१५ चे पर्व पूर्णपणे शाकाहारी होते आणि तरीही स्पर्धेतली चुरस कमी झाली नव्हती, ही गोष्ट त्या गदारोळात फारशी कोणाला आठवली नाही.

वादात एक आक्षेप असाही होता, की स्वयंपाक्याने सगळे चाखले पाहिजे. या आक्षेपावर जालन्यातील एखादी वयस्क श्राविका हसेल. वर्षीतप करणारी स्त्री वर्षाहून अधिक काळ एक दिवसाआड उपवास करते. उपवासाच्या दिवशी घरातली चूल बंद राहत नाही. भाजीत मीठ किती, वरणाला फोडणी किती, हे ती जिभेला न लावता ठरवते. वासावरून, उकळीच्या आवाजावरून, रस्सा डावावरून कसा ओघळतो त्यावरून. पारण्यानंतरही हाताला ते माप राहते. दूरचित्रवाणीच्या परीक्षकांकडे या कौशल्यासाठी गुणांचा रकाना नाही. कोणी मागितलाही नाही.

या कार्यक्रमांचे ऋण मात्र नाकारता येणार नाही. पुरुषांना ओट्याशी उभे राहण्याची लाज उरली नाही, ती शेफमंडळींमुळे. ताट मांडण्याची नजर आली. 'अंदाजाने घाला' या उत्तरावर समाधान न मानणारी, ग्रॅम आणि मिनिटे विचारणारी पिढी तयार झाली. सासरी आलेल्या मुलीला सासूखेरीज दुसरा गुरू मिळाला, हीदेखील लहान गोष्ट नव्हे.

हानी झाली ती वेगळ्याच बाजूने. पनीरने घराघरांतले सगळे सणवार काबीज केले. पाहुणे आले की पनीर, वाढदिवसाला पनीर, तपाच्या पारण्यानंतरच्या जेवणावळीतही पनीर. ज्या पदार्थांत तिथीचे उत्तर दडलेले होते, ते मागे सरकले. गट्टे, मंगोडी, केर-सांगरी, पापडाची भाजी हे सर्व हिरव्याविना ताट भरण्यासाठी शोधलेले उपाय होते. मराठवाड्याच्या मातीने त्यात भर घातली ती ज्वारीची. जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मारवाडातून येथे आलेल्या घरांनी ज्वारीचे पीठ ताकात शिजवून, पातळ थापून, वैशाखाच्या उन्हात गच्चीवर वाळवायचे आणि त्या राबोडीचे तुकडे वर्षभर भाजीला वापरायचे, ही रीत चालवली. दोन प्रांतांचा हा संसार एका कढईत नांदत होता. त्यावर कोणा शेफने भाग केला असेल-नसेल. केला असता तरी चार मिनिटांच्या कृतीत चार दिवसांचे ऊन कसे मावणार?

अनेक घरांत अजूनही ती वही सापडते. पानांना तेलाचे डाग असतात. 'शाही पनीर' या नावाखाली घाईघाईने लिहिलेले साहित्य, त्यातला 'कांदा २ मोठे' खोडून वर लिहिलेले 'कोबी, मगज', आणि समासात वेगळ्या शाईने 'चौदसला नको, टोमॅटो आहे'. पुढच्या पानावर, बहुधा सासूने सांगितलेली आणि सुनेने लिहून घेतलेली, राबोडी. ज्वारीचे पीठ एक शेर. जिरे, मीठ. ताक, आणि त्यापुढे जागा कोरी.